कुत्र्याचा गाडा आणि बैलगाडीचा उलाळ

आमच्या सर्जा या कुत्र्याचे मागचे पाय गेलेत, म्हणून त्याच्या मागच्या भागाला आधार देणारा दोन चाकांचा गाडा लावून त्याला रंकाळ्याच्या काठानं फिरवायला नेलं की दहा पावलांवर कुणीतरी थांबवतंच. "काय ओ, कुत्र्याला टांगा जोडलाय व्हय?" हा पहिला प्रश्न, आणि त्यात चेष्टेपेक्षा कौतुक जास्त असतं. दुसरा प्रश्न मात्र सगळे आवाज खाली आणून विचारतात. "यानं पाय बरं हुतील न्हवं त्याचं?"

नाही होणार. सर्जा 9 वर्षांचा जर्मन शेफर्ड आहे, वजन 34 किलो, आणि त्याच्या मज्जारज्जूला जो आजार झालाय त्यावर अजून औषध नाही. गाडा लावतो तो पुढच्या पायांसाठी. हे वाक्य विचित्र वाटेल, मलाही वाटलं होतं. पण ते एकदा डोक्यात बसलं की गाडा कधी लावायचा, कसा बनवायचा आणि कुठं चुकतो, याचा उलगडा होत जातो. म्हणून आधी वजनाचा हिशेब.

कुत्रा चार पायांवर उभा असतो तेव्हा त्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भाग पुढच्या दोन पायांवर असतो आणि 40 टक्के मागच्यांवर. म्हणजे सर्जाच्या पुढं 20 किलो, मागं 14. मागचे पाय दुबळे झाले म्हणून हे 14 किलो कुठं विरून जात नाहीत. कुत्रा मान खाली घालतो, छाती पुढं काढतो, पाठीला कमान देतो आणि जमेल तेवढा भार पुढं सरकवतो. वर मागचा अर्धा देह ओढायचा तो वेगळाच. पामेरियनसारखं चार किलोचं कुत्रं असतं तर काखोटीला मारून जिना उतरता येतो. 34 किलोचं पोतं दिवसातून सहा वेळा तीन पायऱ्या खाली-वर करून बघा. त्यामुळं मोठं कुत्रं स्वतःच फरपटत राहतं आणि काही महिन्यांत त्याचे खांदे, कोपर, पुढची मनगटं धरतात. आजार मागच्या पायांचा असतो, पण कुत्र्याला अंथरूण धरायला लावतात ते थकलेले पुढचे पाय.

आता त्याआधीची गोष्ट. "मागचे पाय गेले" ही तक्रार झाली, निदान नव्हे. कारणं ढोबळमानानं दोन घरातली असतात, सांध्याची आणि नसांची. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, रॉटवायलर अशा थोराड जातींत खुब्याचा सांधा घडणीतच सैल असू शकतो, त्याला हिप डिस्प्लेसिया म्हणतात. गुडघ्यातला लिगामेंट तुटतो. वयानं सांधे झिजतात. या सगळ्यांत दुखतं. कुत्रा उठताना कण्हतो, सकाळी आखडलेला असतो, चार पावलं चालल्यावर जरा मोकळा होतो. इथं आधी दुखण्याचा बंदोबस्त करायचा: वजन उतरवायचं, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामकं द्यायची, कधी ऑपरेशन. दुखणं तसंच ठेवून गाडा लावला तर ते दुखणं चाकांवर फिरतं, इतकंच. आणि घरातल्या डब्यातली माणसांची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, मूत्रपिंड बंद पडू शकतं.

दुसरं घर नसांचं. मेंदू म्हणजे सबस्टेशन आणि मणक्यांच्या आतून जाणारा मज्जारज्जू म्हणजे मुख्य केबल, असं धरा. फरक एवढाच की या केबलमधून दोन्ही दिशांनी प्रवाह जातो. वरून हुकूम येतो, "पाय उचल". खालून खबर जाते, "पाय इथं आहे, असा टेकलाय, इथं टोचतंय". केबल दाबली गेली की सगळं एकदम बंद पडत नाही, एका ठरावीक क्रमानं जातं. आधी जाते ती पाय कुठं आहे याची खबर. मग हुकूम पोचेनासा होतो. सगळ्यात शेवटी जाते ती खोल वेदनेची जाणीव. बोटाच्या हाडाला चिमट्यानं दाबल्यावर कुत्रा वळून बघतो का, ओरडतो का, हे डॉक्टर म्हणूनच तपासतात. पाय नुसता आखडून घेतला तर ते मोजत नाहीत, कारण तेवढं काम केबलचा खालचा तुकडा मेंदूला न विचारताही करतो.

केबल दाबली जाण्याचं एक मोठं कारण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, मणक्यातली गादी सरकणे. माणसाला होते तशीच कुत्र्याला होते. अपघातात मणका मोडतो. डिस्टेंपर नावाच्या विषाणूच्या आजारातून वाचलेल्या कुत्र्यांचे पाय लुळे राहू शकतात. गोचीडतापानंही कुत्रं इतकं गळून जातं की मागचे पाय गेलेत असं वाटावं, आणि ते रक्ततपासणीत कळलं तर औषधानं उठून उभं राहतं. त्यामुळं कुणी लांबून बघूनच "वय झालंय" म्हणालं तर ऐकू नका. आम्ही ऐकलं. एका ठिकाणी दीड महिना नुसती ताकदीची इंजेक्शनं घेत बसलो.

इथं एक गोष्ट घड्याळाशी बांधलेली आहे. काल धावणारं कुत्रं आज मागच्या पायांवर उभं राहत नसेल, तर ती त्याच दिवशी धावपळ करायची वेळ आहे. गादीनं केबल करकचून दाबली असेल तर ऑपरेशनला जितका उशीर, तितकी आशा कमी, आणि खोल वेदनेची जाणीव गेल्यावर तर फारच कमी. गाडीत नेताना त्याला फळीवर किंवा जाड सतरंजीवर सरळ झोपवून न्या, पोटाखाली हात घालून घडी करू नका. आपल्याकडं गुंतागुंतीच्या तपासणीसाठी शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय हायवेवरच आहे, पण आधी जवळच्या डॉक्टरांना फोन करून विचारा की एवढा प्रवास झेपेल का.

सर्जाचं दुखणं याच्या उलट, चोरपावलांनी आलं. म्हणजे खरं तर आवाज करत आलं, आम्हीच ऐकला नाही. आमच्या दारात शहाबादी फरशी आहे. तो चालताना एक बारीक खर्र-खर्र आवाज यायचा. आप्पा म्हणायचे नखं वाढलीत. नखं वाढलेली नव्हती, मधल्या दोन बोटांची नखं वरून झिजून बोथट झाली होती. पाय उचलताना पंजा पुरेसा उचलला जात नव्हता, म्हणून घासत होता. तुमच्याकडं मोठं कुत्रं असेल तर आजच बघा. त्याला उभं करा, पोटाखाली हलका आधार द्या, मागचा पंजा हळूच मुडपून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवा. निरोगी कुत्रं लगेच पंजा सरळ करतं. सर्जानं केलाच नाही. उलट्या पंजावर उभा राहून तो माझ्याकडं बघत शेपूट हलवत होता. खालची खबर वर जातच नव्हती.

त्याच्या आजाराचं नाव डीजनरेटिव्ह मायलोपॅथी. मज्जारज्जूतले धागे हळूहळू झिजत जातात. तो साधारण आठ वर्षांपुढं दिसतो आणि जर्मन शेफर्डमध्ये विशेष. 2009 मध्ये संशोधकांना त्याच्याशी जोडलेला एसओडी1 या जनुकातला बदल सापडला. हेच जनुक माणसांच्या एएलएस या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा झिजवणाऱ्या आजारातही येतं. पक्कं निदान मृत्यूनंतर मज्जारज्जू तपासूनच होतं, जिवंतपणी बाकीची कारणं एकेक करून बाद करत यावं लागतं. या आजारात दुखत नाही, हा त्यातला एकमेव चांगुलपणा. कुत्रं आनंदात असतं, फक्त मागचा भाग त्याचं ऐकत नाही. आणि आजार मागून पुढं सरकतो, हे लक्षात ठेवा. शेवटी त्याकडं परत यायचं आहे.

तर गाडा. माझ्या मामाचं उद्यमनगरात लेथचं दुकान आहे. तयार गाडे ऑनलाइन मिळतात, लांबी-रुंदी कमीजास्त करता येणारे. पण मामाला फोटो दाखवल्यावर त्याला तो अपमानच वाटला. "आयला, पंपाचं भाग आम्ही बनवतो आणि ह्ये दोन चाकांचं आणायचं भाईरनं?" चार दिवसांत त्यानं एक इंची अॅल्युमिनियमच्या पाइपचा सांगाडा केला, मुलांच्या सायकलीची 12 इंची चाकं बसवली. दिसायला देखणा. सर्जाला जोडला आणि सर्जा जागचा हलेना. ओढून-ओढून चार पावलं टाकली आणि बसायला बघायला लागला. दोन दिवसांनी खांद्यावरच्या पट्ट्याखाली केस गेलेले, कातडी लाल.

चूक कुठं झाली ते मामाला मी सांगितलं नाही, दुकानासमोर उसाची एक रिकामी बैलगाडी थांबली होती, तिनं सांगितलं. गळिताच्या हंगामात आपण सगळे बघतो. गाडीवान मोळ्या भरताना पुढं-मागं फार जपून भरतो. भार चाकाच्या पुढं जास्त झाला तर जू बैलांच्या मानेवर चेपतं. मागं जास्त झाला तर गाडी उलाळ होते, दांडी वर उठते आणि बैल लोंबकळायला लागतात. भार आणि चाकाचा आस यांचं नातं जमलं की जू मानेवर नुसतं टेकतं. कुत्र्याच्या गाड्यात भार म्हणजे कुत्र्याचाच मागचा भाग, आणि जू म्हणजे खांद्यावरचा पट्टा. मामानं चाकं शेपटीच्याही मागं बसवली होती. दिसायला तेच बरोबर वाटतं. पण भार चाकाच्या पुढं पडत होता, आणि त्यातला मोठा वाटा सर्जाच्या खांद्यावर येत होता. ज्या पुढच्या पायांना वाचवायचं, त्यांच्यावरच ओझं.

मग चाकं पुढं घेतली, उत्साहात जरा जास्तच. गाडा उलाळ झाला, सर्जाचे पुढचे पाय फरशीवर जेमतेम टेकायला लागले आणि तो घाबरून ओरडला. शेवटी आस खुब्याच्या किंचित पुढं आणल्यावर पट्ट्याखाली माझी दोन बोटं सहज सरकली. तीच खूण. कुत्रा गाड्यात उभा असताना खांद्यावरची दांडी दोन बोटांनी उचलून बघा. ती सहज उचलली जावी, पण आपणहून वर उठू नये.

मापं घेताना दोन माणसं लागतात. एकानं कुत्र्याला नेहमीच्या उंचीवर उभं धरायचं, पाठ सरळ, दुसऱ्यानं टेप लावायचा. आडव्या पडलेल्या कुत्र्याची मापं घेऊन केलेला गाडा फुकट जातो. महत्त्वाचं माप जांघेपासून जमिनीपर्यंतचं, सर्जाचं 16 इंच भरलं. मग खुब्याची सगळ्यात जास्त रुंदी, त्यात दोन्ही बाजूंनी इंचभर मोकळीक. खांद्याच्या मागून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. छातीचा घेर. वजन अंदाजे नको, स्वतः कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि आपलं वजा करा. काटा मानेल तोवर.

उंचीत लोक हमखास चुकतात. पंजे घासू नयेत म्हणून मागचा भाग चढा ठेवतात. तसं केलं की सगळं वजन पुन्हा पुढं उतरतं, उतारावर उभं केल्यासारखं. बाजूनं बघितल्यावर पाठ जमिनीला समांतर दिसली पाहिजे, तो धडधाकट असताना दिसायची तशी.

बैठक पोटाखाली नसते, हेही मामाला पटायला वेळ लागला. पोटाखाली पट्टा आला तर मूत्राशय दाबलं जातं, श्वास अडतो, आणि नर कुत्र्याला लघवीच करता येत नाही. भार घ्यायचा तो ओटीच्या हाडानं. त्यासाठी दोन्ही मांड्या आत जातील अशी दोन कडी, सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापून काढलेली, त्यावर फोम आणि मऊ कापड. एका ओळखीच्या चपलाच्या कारागिरानं चामड्याचे पट्टे करून देतो म्हटलं होतं. फार देखणे झाले असते. पण चामडं लघवीनं आणि आपल्या पावसानं कडक होतं, कडक झालं की कातडी सोलतं. नायलॉनच्या पट्ट्या, धुता येणाऱ्या, त्याच बऱ्या. पीव्हीसी पाइपचे गाडे लहान कुत्र्यांना चालतात, जड कुत्र्यांच्या भारानं वाकतात. दोन चाकांतलं अंतर कमी ठेवलं तर वळताना गाडा कलंडतो. हवेच्या टायरांना बाभळीचा काटा माहीत असतो, पण खड्ड्यांत तेच मऊ चालतात. आम्ही पंक्चर सोसतो.

पायांचं काय करायचं हा वेगळाच वाद. गाडा लावला की पाय कायमचे जातात, असा एक समज आहे. कुत्र्याचे मागचे पाय थोडे जरी हलत असतील तर ते बांधून वर टांगू नका. पंजे जमिनीला जेमतेम टेकतील एवढी उंची ठेवा. भार चाकांनी घेतलेला असतो, तोल जायची भीती नसते, त्यामुळं ते पाय उलट जास्त हलतात. पहिले सहा महिने सर्जा गाड्यात मागच्या पायांनीही चालल्यासारखं करायचा. पंजे नुसते फरपटायला लागले, वरची कातडी सोलायला लागली, तेव्हा आधी बूट घातले आणि मग पाय मागच्या पाळण्यात ठेवले.

सवय लावायची म्हणजे घाई न करणं. पहिल्या दिवशी गाडा नुसता अंगणात ठेवला, वर त्याच्या आवडीची भाकरी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फक्त पट्टे अंगावर. मग पाच मिनिटं गाड्यात उभं राहायचं, पुढं मी खाऊ घेऊन बसलेली. हळूहळू दहा मिनिटं, वीस मिनिटं. आता सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, मध्ये एक थांबा. कुत्र्याला गाड्यात बसता येत नाही, आडवं होता येत नाही. दमल्यावर टेकायला त्याला आपणच सोडवावं लागतं. म्हणून गाडा लावून त्याला एकटं सोडायचं नाही, आणि दिवसभर बांधून ठेवायचं तर नाहीच. परत आल्यावर काखा, जांघा, खांदे बोटांनी चाचपायचे. लाली दिसली की दुसऱ्या दिवशी सुट्टी.

दिवसातले बावीस-तेवीस तास मात्र गाड्याबाहेरचे असतात, आणि खरी मेहनत तिथं आहे. गुळगुळीत फरशी दुबळ्या पायांची वैरीण. आम्ही पोर्चपासून स्वयंपाकघरापर्यंत रबरी मॅट आणि जुनी गोणपाटं अंथरून त्याच्यासाठी वाट केली. घर गोडाऊनसारखं दिसतं. जाड गादी, वर धुता येणारी चादर, आणि तो स्वतः कूस बदलत नसेल तर दर तीन-चार तासांनी आपण बदलायची, नाहीतर खुब्याच्या हाडावर जखम होते आणि ती भरता भरत नाही. नसांच्या आजारात पुढं लघवी आपोआप होत नाही किंवा सतत ठिबकते. मूत्राशय पोटावरून दाबून रिकामं करायची पद्धत डॉक्टरांकडून हाताला हात लावून शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको. लघवीला नेहमीपेक्षा घाण वास आला, रंग गढूळ झाला, तर संसर्ग समजून तपासा.

आणि वजन. इथं मला आमच्या आप्पांविरुद्ध लिहावं लागतंय. कोल्हापुरात कुत्र्यावर प्रेम म्हणजे रविवारच्या मटणातला वाटा. तांबड्या-पांढऱ्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. शिजवलेल्या हाडाचे कपचे आतड्यात घुसतात. या दोन्ही गोष्टी आप्पांना पटल्या. "पेढा तर चालतोय न्हवं?" एवढं मात्र ते अजून विचारतात. सर्जा 39 किलोचा होता, तो 34 वर आलाय. गाड्यासाठी केलेल्या सगळ्या कारागिरीपेक्षा या पाच किलोंनी त्याच्या खांद्यांना जास्त मोकळं केलं, असं माझं मत आहे. मामाला सांगू नका.

पोहण्यानं पायांना व्यायाम होतो हे खरं आहे, पण रंकाळ्यात किंवा पंचगंगेत त्याला सोडायचा सल्ला देणाऱ्यांना नमस्कार करून पुढं जा. मागचे पाय न चालणारं मोठं कुत्रं खोल पाण्यात बुडतं. लाइफ जॅकेट, कमरेएवढं पाणी आणि शेजारी धरायला माणूस, असं असेल तरच.

पावसाळ्यात बाहेर चिखल, म्हणून गाडा पोर्चमध्येच फिरतो. आल्यावर चाकं धुवायची, बेअरिंगला तेल द्यायचं, नाहीतर चाक आवळतं आणि ओढायचं कष्ट पुन्हा त्याच खांद्यांवर. शेजारची पोरं हे काम हौसेनं करतात.

आजार मागून पुढं सरकतो असं वर म्हटलं होतं. गेल्या महिन्यात लांब फिरून आल्यावर सर्जाच्या पुढच्या डाव्या पायाला कंप जाणवला. मामाकडं गाडा नेला. चाकाची पट्टी जिथं दांडीला बसते तिथं त्यानं पहिल्याच दिवशी एकाऐवजी चार भोकं पाडून ठेवली होती, अर्ध्या-अर्ध्या इंचावर. मी तेव्हा विचारलं होतं कशाला, तर म्हणाला, "असूं देत." पान्यानं बोल्ट काढून त्यानं आस एक भोक पुढं घेतला, म्हणजे पुढच्या पायांवरचा आणखी थोडा भार चाकांवर गेला. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली. पुढं अजून दोन भोकं रिकामी आहेत. त्यात धूळ जाऊ नये म्हणून मामानं मेण भरून दिलंय.